पुरजळचे केशवराव

मैत्रिणींनो, घरातलं कुणी तहसीलला निघालं की आपण सहज विचारतो, नक्कल मिळाली का? फेरफार झाला का? वकालतनामा भरला का? जामीन झाला का? हे शब्द आपल्या तोंडात इतके रुळलेत की ते कुठून आले हे कधी मनातही येत नाही. आजी तर भांडणात हमखास म्हणायची, माझी फिर्याद कुणापुढं मांडू. नक्कल, फिर्याद, वकालत हे सगळे अरबी-फारसीतून आलेले शब्द. मराठी कारभारात ते आधीही होते, पण आपल्या मराठवाड्यात ते अगदी घट्ट बसले, कारण आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या कचेरीची भाषा आपली नव्हती. आधी फारसी होती, 1884 पासून उर्दू झाली.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. वसमतकडच्या एखाद्या खेड्यातली बाई. नवरा गेलेला, पदरात लेकरं आणि दिरानं जमिनीवर हक्क सांगितलेला. न्याय मागायचा तर अर्ज उर्दूत, जबाब उर्दूत, निकालही उर्दूत. तिला बोलता येते ती मराठी आणि समोर जो कागद येतो त्यातलं एक अक्षर लागत नाही. तिच्या बाजूनं बोलणारा, दोन्ही भाषा जाणणारा माणूस मधे उभा राहिला नाही, तर तिचं ऐकणार कोण?

अशा मधे उभं राहणाऱ्या माणसांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातले होते. केशवराव कोरटकर. 1867 साली, तेव्हाच्या वसमत तालुक्यातल्या पुरजळ गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा जिल्हा परभणी. आपला हिंगोली जिल्हा तर पुढं 1 मे 1999 ला वेगळा झाला. आज पुरजळ म्हटलं की आपल्याला पाणीपुरवठ्याची योजना आठवते. पण या गावातून निघालेला मुलगा निजामाच्या हायकोर्टात न्यायाधीश झाला, आणि हैदराबादेत त्याच्या नावाची शाळा आजही चालते, हे आपल्याकडं किती जणींना माहीत आहे?

त्या काळी आपल्या भागातून शिकायला बाहेर पडणं म्हणजे काय दिव्य होतं! आपल्याकडून हैदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे 1900 च्या आसपास सुरू झाली. त्याआधी सगळा प्रवास बैलगाडीचा. मधे नद्या, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. उच्च शिक्षणाची सोय संस्थानात हैदराबाद शहर सोडलं तर नव्हतीच म्हणा ना. इंग्रजांच्या मुलखात पुण्या-मुंबईला कॉलेजं उभी राहिली, वर्तमानपत्रं निघाली, सभा गाजू लागल्या. आपल्याकडं मात्र चार बुकं शिकलेला माणूस म्हणजे गावाचं भूषण.

केशवरावांनी वकिलीची वाट धरली आणि ते गुलबर्ग्याला गेले. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. गुलबर्गा हा कानडी मुलूख. बाजारात कानडी, कचेरीत उर्दू, दर्ग्याच्या उरुसाला दख्खनी आणि वकिलांच्या, शिक्षकांच्या घरांतून मराठी. खाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात हिंदूही जायचे, मुसलमानही जायचे. तिथं वकिली करायची तर एका भाषेच्या, एका जातीच्या माणसांवर भागणार नाही. अशिलांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, मुन्सफापुढं उर्दूत मांडायचं आणि कायदा समजून घ्यायचा तो इंग्रजीतून आलेला. सासर-माहेरच्या दोन तऱ्हा सांभाळताना आपली काय तारांबळ उडते ते आपल्याला माहीत आहे. इथं तर चार तऱ्हा होत्या.

1896 च्या सुमारास ते हैदराबादला आले. वय तिशीच्या आतबाहेर.

त्या हैदराबादचं चित्र समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. 1901 च्या खानेसुमारीत संस्थानात एक कोटी अकरा लाख माणसं मोजली गेली. त्यात शंभरातली सुमारे 46 तेलुगू बोलणारी, 26 मराठी, 14 कानडी. उर्दू बोलणारी साधारण दहा. राज्य निजामाचं, वरच्या जागा बहुतेक मुसलमान सरदार-अंमलदारांकडं, शिवाय उत्तर हिंदुस्थानातून आणलेले अधिकारी. खालचा शेतकरी बहुतेक हिंदू, पण तोही तीन भाषांत वाटलेला. मराठी माणूस तेलुगू माणसाला ओळखत नव्हता, तेलुगू माणूस कानडी माणसाला ओळखत नव्हता. एका छताखाली राहणारी, पण चूल वेगळी मांडलेली ही भावंडं. आणि या भावंडांत थोरलेपणाचा तोरा मिरवत होतो ते आपण मराठी लोक, हेही सांगायला हवं. पुण्याची हवा आपल्याला आधी लागली होती. टिळक-रानड्यांची नावं आपल्या ओठांवर होती. त्या तोऱ्याचं काय झालं ते पुढं येईलच.

शहरात विचार करणारी माणसं मात्र सगळ्या समाजांत होती. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगाली शास्त्रज्ञ, निजाम कॉलेजचे पहिले प्राचार्य. सरोजिनी नायडूंचे वडील. संस्थानाच्या रेल्वेच्या व्यवहारावर त्यांनी आवाज उठवला म्हणून 1883 साली त्यांना हद्दपार केलं होतं, पुढं परत घेतलं. त्यांच्या लेकीनं 1898 साली डॉ. गोविंदराजुलू नायडूंशी लग्न केलं. मुलगी बंगाली, मुलगा तेलुगू, जातही वेगळी. विचार करा, 1898 साल! दुसरे होते मुल्ला अब्दुल कय्यूम. धर्मानं मुसलमान, मोठे विद्वान आणि काँग्रेसचे उघड पाठीराखे. अशा माणसांचं हैदराबाद केशवरावांना मिळालं.

केशवराव आर्य समाजात गेले. हैदराबादेत आर्य समाजाची शाखा 1892 साली निघाली होती. पुढं केशवराव तिचे अध्यक्ष झाले. जन्मावरून उच्चनीच मानायचं नाही, बालविवाह नको, विधवेला पुन्हा लग्नाचा हक्क आणि मुलींना शिक्षण, असा आर्य समाजाचा आग्रह होता. आज वाचताना यात नवल वाटत नाही. पण आपल्या पणजीचं लग्न कितव्या वर्षी झालं ते घरी विचारून बघा, म्हणजे नवल कशात होतं ते कळेल. आता आर्य समाज ही शेवटी धर्माची संघटना. तिच्यामुळं हिंदूंच्या आतल्या भिंती खिळखिळ्या झाल्या खऱ्या, पण हिंदू-मुसलमानांत पुढं जी तेढ वाढली तिच्यातही तिचं नाव आलं. ते बहुतेक सगळं केशवरावांच्या मागं घडलं. तरी त्यांचं चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

त्यांचं मोठं काम म्हणजे विवेकवर्धिनी. 1906-07 च्या सुमारास हैदराबादच्या जामबाग भागात ही शाळा उभी राहिली. केशवराव, त्यांचे सोबती वामनराव नाईक, आणि पंडित सातवळेकर. हो, तेच वेदांचे भाष्यकार श्रीपाद दामोदर सातवळेकर! ते तेव्हा हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते. त्यांचंही जन्मसाल 1867, म्हणजे केशवरावांच्याच बरोबरीचे. सरकारच्या नजरेत आल्यामुळं सातवळेकरांना पुढं हैदराबाद सोडावं लागलं. शाळा मात्र टिकली.

खासगी शाळा काढणं ही त्या राज्यात साधी गोष्ट नव्हती. सरकारी शाळा उर्दूच्या. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं, पण ती देशी भाषा राज्यातल्या नव्वद टक्के लेकरांच्या घरची नव्हती. आई ज्या भाषेत अंगाई म्हणते त्या भाषेत मुलानं गणित शिकावं, एवढंच मागणं होतं. पण राज्यकर्त्यांना त्यात राजकारणाचा वास यायचा, आणि अगदी खोटं कशाला बोला, थोडं राजकारण त्यात होतंही.

विवेकवर्धिनीचं आवार हळूहळू शहराचं सभांगण झालं. शाळा मराठी माणसांनी काढलेली, पण तिथं व्याख्यानं ऐकायला सगळे यायचे. 1920 च्या सुमारास खिलाफतीची चळवळ आली, तेव्हा हिंदू आणि मुसलमान एकत्र बसून सभा भरवायचे त्या या आवारात. आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही. राज्यकर्त्यांना मात्र ही जवळीक बरोबर समजली. 1921 साली फर्मान निघालं की परवानगीशिवाय राजकीय सभा घ्यायची नाही.

राजकारण नाही तर नाही, समाजसुधारणेला तर बंदी नव्हती. म्हणून नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम संस्थानाची सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष कोण? आपले महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी 1893 साली स्वतः विधवेशी लग्न केलं, विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 साली बायकांसाठी विद्यापीठ स्थापन केलं, ते कर्वे. बायकांच्या बाजूनं उभी राहिलेली ही सभा, बायकांच्या बाजूचा अध्यक्ष आणि केशवरावांनी सोबत्यांसह उभी केलेली वास्तू. याहून चांगला योग कोणता?

आणि तिथंच घात झाला.

सभेत इंग्रजीत भाषणं झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. सगळं शांतपणे ऐकलं गेलं. मग आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे एक वकील उठले आणि ठरावावर तेलुगूत बोलू लागले. राज्यात सगळ्यात जास्त माणसं जी भाषा बोलतात, ती भाषा. लगेच सभागृहात टवाळी सुरू झाली. टाळ्या, आरडाओरड, हसणं. त्यांना धड बोलू दिलं नाही. या हसणाऱ्यांत मराठी माणसं पुढं होती.

मैत्रिणींनो, हा प्रसंग वाचला तेव्हा मला खरंच लाज वाटली. विधवेचे अश्रू पुसायला जमलेली ही शहाणी माणसं. शेजाऱ्याच्या भाषेला हसताना त्यांना काहीच कसं वाटलं नाही? सासरी गेलेल्या मुलीच्या बोलण्याला घरातली मंडळी हसतात तेव्हा तिचं काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. वऱ्हाडातली सून मराठवाड्यात आली किंवा मराठवाड्यातली पुण्यात गेली की पहिले सहा महिने ती तोंडच उघडत नाही. इथं तर एका अख्ख्या समाजाला हसलं गेलं होतं.

ते लोक मुकाट बसले नाहीत. त्याच रात्री शहरातल्या एका तेलुगू वकिलाच्या घरी डझनभर माणसं जमली आणि आंध्र जन संघाची स्थापना झाली. त्यात माडपाटी हनुमंतराव होते. हेही वकीलच, केशवरावांहून अठरा वर्षांनी लहान. तेलुगू वाचनालयं, तेलुगू शाळा, तेलुगू सभा अशी चळवळ त्यांनी तेलंगणभर नेली. 1930 साली जोगीपेटला आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन भरलं. त्याला जोडून बायकांची वेगळी परिषद झाली आणि अध्यक्षपदी बाईच होत्या, नडिंपल्ली सुंदरम्मा. आपली मराठवाड्याची महाराष्ट्र परिषद पहिल्यांदा परतूरला भरली ती 1937 साली, म्हणजे सात वर्षं मागून. ज्यांना आपण हसलो ते आपल्या पुढं निघून गेले होते.

पण गोष्ट भांडणावर थांबली नाही, आणि म्हणूनच ती मला सांगावीशी वाटली. हनुमंतरावांनी 1928 साली हैदराबादच्या नारायणगुड्यात तेलुगू मुलींसाठी शाळा काढली. मुली येऊ लागल्या, वर्ग वाढले, पण परीक्षेचं काय? तेलुगू माध्यमाला उस्मानिया विद्यापीठाची मान्यता नव्हती. मुली शिकल्या तरी हाती प्रमाणपत्र कसं यायचं? तेव्हा ही शाळा जोडली गेली ती पुण्याच्या महिला विद्यापीठाला. म्हणजे कर्व्यांच्याच विद्यापीठाला! ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या सभेत तेलुगूची टवाळी झाली, त्यांच्याच विद्यापीठानं तेलुगू मुलींच्या शिक्षणावर शिक्कामोर्तब केलं. पुरुषांनी सभेत जे उसवलं ते मुलींच्या शाळेनं असं टाका-टाका घालून शिवलं.

केशवराव या काळात कुठं होते? वकिलीत नाव झाल्यावर निजामाच्या हायकोर्टाचे न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. मुसी नदीच्या काठावरची हायकोर्टाची ती भव्य इमारत 1920 साली खुली झाली. हैदराबादला गेलात तर अवश्य बघा, लाल-गुलाबी दगडाची, घुमटांची. पुरजळच्या माणसानं त्या कोर्टात न्याय दिला, हे बघताना आठवलं तर ऊर भरून येतो. एका मराठी हिंदू वकिलाला मुसलमान राजाच्या कोर्टात ही जागा मिळाली. त्या राज्यात अन्याय होता तसा हाही न्याय होता. दोन्ही खरं आहे.

राज्याच्या आत राजकीय सभा घेता येत नव्हती म्हणून संस्थानातल्या कार्यकर्त्यांनी एक युक्ती काढली. परिषद राज्याबाहेर भरवायची. 1923 साली काकीनाड्याला, 1926 ला मुंबईला, 1928 ला पुण्याला न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि 1931 ला अकोल्याला. आपल्याच घरचं गाऱ्हाणं शेजारच्या ओट्यावर बसून मांडायचं, असा प्रकार. या परिषदांत मराठी, तेलुगू, कानडी कार्यकर्ते एकत्र यायचे. जबाबदार राज्यपद्धती द्या, बोलायचं आणि सभा घ्यायचं स्वातंत्र्य द्या, अशा मागण्या. आज ज्याला मानवी हक्क म्हणतात तेच हे, तेव्हा शब्द वेगळा होता इतकंच. ही जी पिढी उभी राहिली ती केशवराव आणि वामनरावांच्या हाताखाली घडली.

1931 साली मराठी साहित्य संमेलनही हैदराबादला भरलं. अध्यक्ष ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. निजामाच्या राजधानीत मराठीचा एवढा मोठा मेळावा केशवरावांच्या हयातीत झाला. पुढच्याच वर्षी, 1932 साली, ते गेले. वय पासष्टच्या आसपास.

त्यांचे चिरंजीव विनायकराव. त्यांना केशवरावांनी दूर हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत शिकायला ठेवलं होतं. तिथली विद्यालंकार पदवी मिळाली आणि पुढं तेच त्यांचं नाव झालं, विनायकराव विद्यालंकार. त्यानंतर ते विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आले. 1938-39 साली आर्य समाजानं संस्थानात धार्मिक स्वातंत्र्यासाठी मोठा सत्याग्रह केला, त्यात विनायकराव अग्रभागी होते. वडिलांचा काळ सभांचा आणि अर्जांचा, मुलाचा काळ तुरुंगाचा. मधल्या काळात दोन्हीकडची मनं फार कडवट झाली होती. खिलाफतीच्या दिवसांतली ती एकत्र बैठक पुन्हा काही जमली नाही.

1940 साली वडिलांच्या नावानं केशव स्मारक शाळा निघाली. कुठं? नारायणगुड्यातच. म्हणजे जिथं हनुमंतरावांची तेलुगू मुलींची शाळा होती त्याच वस्तीत.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं. 1952 साली निवडून आलेलं पहिलं सरकार बनलं, मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव. तेलुगू माणूस, पण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेला, मराठी, उर्दू, फारसी उत्तम जाणणारा. आणि त्यांच्या मंत्रिमंडळात केशवरावांचे चिरंजीव विनायकराव मंत्री. टवाळीच्या त्या सभेला तेव्हा पुरती एकतीस वर्षंही झाली नव्हती. माडपाटी हनुमंतराव त्याच सुमारास हैदराबादचे महापौर होते.

1956 साली भाषेवर राज्यं झाली आणि हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे पडले. गुलबर्गा कर्नाटकात गेला, हैदराबाद आंध्रात आणि आपला परभणी जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यात. आपली वाट तिकडची तुटली. हायकोर्टाच्या कामाला आपली माणसं मुंबईला जाऊ लागली आणि 1981 पासून औरंगाबादच्या खंडपीठात. शाळेच्या पुस्तकांत पुण्या-मुंबईचे सुधारक आले, हैदराबादचे राहून गेले. केशवरावांचं नाव असं तिकडं राहिलं.

केशव स्मारकच्या शाळा-कॉलेजांत आज शिकणाऱ्या मुलामुलींत तेलुगू घरांतलीच जास्त असतील. नारायणगुड्यात रिक्षावाल्याला केशव मेमोरियल म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. हे केशव कोण, असं त्याला विचारलंत, तर पुरजळचे, आमच्या हिंगोली जिल्ह्यातले, हे मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.